आईचा वर्ग, ७१ ते ७५

अन्याय झाला तो माझ्या आईवर आणि तिच्या रविवारच्या वर्गातल्या मुलांवर. एकाहत्तर सालच्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी, संध्याकाळची आरती संपल्यावर आणि प्रसाद वाटायच्या आधी. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण नंतर मंडळातले बरेच जण म्हणू लागले की असं काही झालंच नाही, आणि झालं असेल तर ते चेष्टेत. मी तिथे होते. खिरापतीचं ताट हातात घेऊन उभी होते. चेष्टा नव्हती.

कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आई दर रविवारी सकाळी मुलांना मराठी शिकवायची. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून. आई भवानीपुरात जन्मलेली. तिचे आजोबा नोकरीसाठी इथे आले ते परत गेलेच नाहीत, आणि पुणं तिनं लग्नामुंजींपुरतं पाहिलेलं. बाबा बजबजच्या तेलाच्या डेपोत, रोज लोकलने जाऊन-येऊन. वर्गातली मुलंही आमच्यासारख्याच घरांतली: घरी मराठी, गल्लीत बंगाली, शाळेत इंग्रजी, आणि टॅक्सीवाल्याशी हिंदी. अशा मुलाला 'तू मराठी आहेस' एवढं सांगून भागत नाही. ते विचारतं, 'कशावरून?'

आईनं त्यावर स्वतःची एक रीत काढली होती. दर रविवारी प्रत्येकानं घरात वावरणारा एक परदेशी शब्द घेऊन यायचा. ती त्याला पाहुणा म्हणायची. पाहुण्याची ओळख करून द्यायची: हा आमच्याकडे कोणाबरोबर आला, आजी याला काय म्हणते, शेजारचे काय म्हणतात, शाळेत काय म्हणतात. पोरं यावर तासभर बोलायची, आणि बोलायची मराठीतच, कारण आजीची नक्कल बंगालीत करता येत नाही. मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तो शब्द देवनागरीत लिहायचा, अगदी आपल्या घरी उच्चारतात तसा. वर मथळा: 'आमच्या घरी'. आई दुरुस्त करत नसे.

"पाहुणा घरात आला की आपल्या पाटावर बसतो," ती म्हणायची. "त्याच्या गावची खुर्ची आणायला कोण जातंय?"

अशी ती कार्डं. 'हारिकेन', कारण एका मुलीचे आजोबा रेल्वेत गार्ड होते आणि वीज गेली की त्यांचा जुना दिवा निघायचा. 'हासपाताल'. 'आपिस'. 'गेलास'. 'बोताम', म्हणजे शर्टाचं बटण. हा तर इंग्रजांच्याही आधी पोर्तुगीजांबरोबर जहाजातून उतरलेला. त्या वर्षी मुलांनी सगळी कार्डं सुतळीला बांधून गणपतीच्या मखराशेजारी टांगली. मुलं वर्षभर त्या दिवसाची वाट बघत होती.

आता सेक्रेटरीसाहेब. बँकेतले बडे अधिकारी, पुण्याहून बदलून आलेले, इथे येऊन काही वर्षं झालेली. माणूस वाईट नव्हता, हे मला मोठ्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की मी ते लिहून टाकते. त्यांना अनवट इंग्रजी शब्द गोळा करायचा नाद होता. हॉलच्या दारातल्या फळ्यावर ते दर रविवारी 'आजचा शब्द' लिहीत. 'सेस्क्विपिडेलियन'. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन'. जो मुलगा न अडखळता म्हणेल त्याला पेपरमिंट. म्हणजे काय, ते कोणी विचारत नसे. विचारणाऱ्याला पेपरमिंट नव्हतं.

त्या संध्याकाळी दिल्लीहून कोणी मोठे पाहुणे आले होते. ते कार्डं बघत बघत 'हासपाताल'पाशी थांबले आणि हसले. बस, तेवढंच. सेक्रेटरीसाहेबांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, आणि आरतीला जमलेल्या सगळ्यांसमोर, एकेक कार्ड हातात धरून, शब्दावर फुली मारून वर 'शुद्ध' शब्द लिहायला लागले. 'हारिकेन'वर फुली, वर 'हरिकेन लँटर्न'. 'आपिस'वर फुली, वर 'ऑफिस'. गार्डाची नात माझ्याशेजारी उभी होती. तिनं मला हळूच विचारलं, "दीदी, आमच्या घरी चुकीचं बोलतात?"

फुल्या मारून झाल्यावर साहेबांनी माइक घेतला. मुलांची भाषा फार बिघडते आहे, हा काही मराठीचा वर्ग म्हणता यायचा नाही, तेव्हा पुढच्या रविवारपासून वर्ग नुकत्याच पुण्याहून आलेल्या बाई घेतील, त्यांचा उच्चार स्वच्छ आहे. "वहिनींनी आजवर खूप केलं. आता त्यांनी विश्रांती घ्यावी." टाळ्या पडल्या. आईला आधी कोणी विचारलं नव्हतं. पुण्याच्या बाईंनाही विचारलं नसावं, कारण त्यांच्या तोंडावरून तरी तसं दिसत नव्हतं.

आई घरी आली, खिडकीशी बसली आणि म्हणाली, "जानाला लाव ग, धूळ येतेय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खिडकी. खिडकी लाव. नाहीतर येतील पेन्सिल घेऊन."

मला तेव्हा हसू आलं नाही. मी कॉलेजात पत्रकं लिहीत होते. हॉस्टेलच्या जेवणापासून ट्रामच्या भाड्यापर्यंत सगळ्यावर लिहीत होते, सायक्लोस्टाइलची शाई माझ्या नखांतून जात नव्हती. संतापाचं काय करायचं हे मला शिकवलेलं होतं. मी बसले आणि एक पत्रक लिहिलं. ते असं होतं:

इंग्रजांनी आमच्या जगन्नाथाचा रथ पाहिला आणि त्याचं 'जगरनॉट' केलं. कोणी फुली मारली? तो शब्द त्यांच्या कोशात आहे, आणि सेक्रेटरीसाहेबांच्या फळ्यावरही येऊन गेला, अनवट म्हणून. आमच्या तिपाईचं त्यांनी 'टीपॉय' केलं, आणि आज आपल्याच बैठकीत आपण त्यावर चहा ठेवतो. बंगालातल्या घराचं 'बंगलो' केलं. डमडमच्या कारखान्यातल्या गोळीला त्यांनी डमडम म्हटलं आणि ती जगभर माणसांच्या अंगात घुसवली. स्पेलिंग त्यांचं, गाव आमचं. साहेबानं आपला शब्द मोडला तर तो शब्दकोश. आपल्या आजीनं साहेबाचा शब्द मोडला तर ती अशुद्ध. आणि तुमच्या पुण्यात 'इस्पितळ' म्हणतात, 'तिकीट' म्हणतात, 'बाटली' म्हणतात, ते काय लंडनहून तपासून आणलंय? इस्पितळ शुद्ध आणि हासपाताल अशुद्ध, हे ठरवलं कुणी? जो पुण्याहून बदलून आला त्यानं?

मला ते पत्रक अजूनही आवडतं. आईला दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "वाचणार कोण?"

"मंडळातले सगळे."

"मंडळातले लोक पत्रकात वड्या बांधून नेतात. आणि हे बघ, मला इंग्रजांशी भांडायचं नाही. मला माझी मुलं हवीत. रविवारी सकाळी त्या हॉलमध्ये. एवढंच."

तिचं बरोबर होतं. मी पत्रक वाटलं नाही. मी भिंत घेतली.

भिंत घेणं म्हणजे काय, ते कलकत्त्याबाहेरच्यांना सांगावं लागेल. इथे निवडणूक लांब असली तरी भिंती आधीच धरून ठेवतात. पक्षाची मुलं येतात, भिंतीवर चुन्याचा पांढरा चौकोन मारतात आणि कोपऱ्यात लाल रंगानं पक्षाचं नाव व साल लिहून जातात: अमुक सालापासून तमुक सालापर्यंत ही भिंत आमची. मजकूर पुढे कधीतरी येतो. तोवर त्या कोऱ्या चौकोनाला कोणी हात लावत नाही. दुसरा पक्ष नाही, घरमालकही नाही. आणि एकाहत्तर साली तर नाहीच नाही. त्या वर्षी पक्षापक्षांच्या मारामाऱ्यांत रोज कुठे ना कुठे खून पडत होते, आणि भिंतीवरची अक्षरं बघून माणसं गल्ली बदलत होती.

मंडळाच्या हॉलची रस्त्याकडची भिंत तोवर कोणी घेतली नव्हती. दसऱ्यानंतरच्या एका दुपारी, जेवून सगळी गल्ली भाताच्या गुंगीत झोपली होती तेव्हा मी बादली आणि कुंचा घेऊन गेले. चांगला मोठा चौकोन मारला. खाली कोपऱ्यात लाल रंगानं, बंगाली लिपीत लिहिलं: 'आईचा वर्ग, ७१ ते ७५'. बंगालीत 'व' नाही, म्हणून 'बर्ग' झालं. पाहुणा त्यांच्या पाटावर बसला. मी बादली उचलून घरी आले.

वाटलं होतं, रविवारी लोक वाचतील, हसतील, भांडतील, विषय निघेल. वाचलंच नाही कोणी. आमच्या समितीतल्या एकाही माणसाला बंगाली वाचता येत नव्हतं! इतकी वर्षं या गावात राहून, या गावचे मासे आणि मिठाया खाऊन, बसच्या पाट्या कंडक्टरला विचारून ते दिवस काढत होते. त्यांना दिसला पांढरा चौकोन, लाल अक्षरं, आणि ७१ ते ७५.

धावपळ उडाली. 'पार्टीवाल्यांनी भिंत धरली.' कोणत्या पार्टीनं? विचारायचं कोणाला? विचारलं तर आपलं नाव कळेल. कोजागरीचं दूध गच्चीवर घ्यायचं ठरलं होतं ते रद्द केलं. एका अधिकाऱ्यानं आपली गाडी हॉलसमोर लावायची बंद केली. रविवारी लोक चौकोनाकडे न बघता, खाली मान घालून आत जायचे, जणू भिंत त्यांना मोजत होती. दारातला 'आजचा शब्द'ही बंद झाला. न जाणो, इंग्रजी बघून कोणाला राग आला तर!

मी आईला सांगितलं. तिनं आधी डोक्याला हात लावला. "अगं बये, बाबांची नोकरी जाईल." मग विचारलं, "खरंच कोणालाच वाचता आलं नाही?" मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. शेवटी म्हणाली, "पुसून ये." मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "बरं. मी काही ऐकलं नाही."

पुढचं मला गल्लीच्या कोपऱ्यावरच्या क्लबातल्या एका मुलानं सांगितलं. तो कॅरम खेळत होता, तेव्हा सेक्रेटरीसाहेब दोन माणसं आणि मिठाईचा खोका घेऊन आले. हिंदीत म्हणाले, दादा, आम्ही साधी नोकरदार माणसं, आमचा कोणत्याही पक्षाला विरोध नाही, त्या भिंतीबद्दल जरा तुमच्या वरच्यांशी बोलता येईल का? तो मुलगा उठून भिंतीपाशी गेला, मोठ्यानं वाचलं.

"आइचा बर्ग. ए आबार कोन दल? दादा, 'आइ' माने की?"

म्हणजे, हा आणखी कुठला पक्ष, आणि 'आइ' म्हणजे काय. आपल्याच भाषेचे दोन शब्द एका बंगाली मुलाच्या तोंडून ऐकून साहेबांचा चेहरा कसा झाला, ते त्यानं मला तीनदा करून दाखवलं. 'आई म्हणजे मा, वर्ग म्हणजे क्लास,' असं साहेबांना सांगावं लागलं.

"मायेर क्लास?" मुलगा म्हणाला. "ताते एत भय?" आईच्या वर्गाची एवढी भीती? मिठाई मात्र त्यानं ठेवून घेतली.

हे लिहिलं कोणी असेल, हे कळायला मग शहाणा माणूस लागत नव्हता. सर्वसाधारण सभा बोलावली गेली. मंडळाच्या मालमत्तेची नासधूस, सभासदांत घबराट, तरुण मुलीला न शोभणारं वर्तन. मला उभं केलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"लाज वाटत नाही?"

"तुम्ही मुलांच्या कार्डांवर लिहिलंत तेव्हा सगळ्यांसमोर लिहिलंत. मीही सगळ्यांसमोर लिहिलंय. लाल रंगही तोच आहे."

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. साहेब समंजस सुरात बोलायला लागले. या मुलीनं लेखी माफी द्यावी, भिंत मंडळ रंगवून घेईल, आणि झालं गेलं विसरून वहिनींचा नव्या बाईंच्या मदतनीस म्हणून विचार करता येईल. मात्र परभाषेतले शब्द कसे लिहायचे ते समिती ठरवील.

आई उठली. ती सभेत कधी बोलत नसे. भाषण तिला येत नाही.

"मदतनीस म्हणजे फळा पुसायला ना?" ती म्हणाली. "घरी पुष्कळ पुसते मी. माफीचं तिचं ती बघेल, ती मोठी झाली आहे. माझं एवढंच आहे, सेक्रेटरीसाहेब. ती मुलं इथे जन्मली. इथेच राहणार. तुमची उद्या बदली होईल, तुम्ही नागपूरला जाल, तिथे तुम्हाला कोणी विचारणार नाही मराठी का बोलता म्हणून. या मुलांना रोज विचारतात. त्यांच्या घरचे शब्द चुकीचे म्हणालात, तर ती शब्द सुधारणार नाहीत हो. बोलायचंच बंद करतील. मला वर्ग परत द्या."

ती बसली. मग साहेब म्हणाले, मताला टाकू. वर्ग वहिनींकडे परत द्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत.

एक हात वर आला. तो पुण्याच्या बाईंचा होता.

"मला डमडमहून दोन बस बदलून यावं लागतं," त्या सरळ म्हणाल्या, "आणि मुलं माझ्याशी एक अक्षर बोलत नाहीत. मी विचारलं, घरी दिव्याला काय म्हणता? तर एकमेकांकडे बघत बसली. यांचा वर्ग यांना द्या की."

माझा हात मोजला गेला नाही, मी सभासद नव्हते. आईनं स्वतःसाठी हात वर केला नाही. बाबा कामावर होते. आणि बाकीचे? अधिकाऱ्यांनी हात वर केले नाहीत, ते मी समजू शकते. पण आमची माणसं? ज्यांचे आजोबा आईच्या आजोबांबरोबर इथे उतरले, ज्यांची मुलं त्या वर्गात बसत होती, ज्यांच्या घरचे शब्द त्या सुतळीला टांगले होते, ती सगळी तिथे होती. हात मांडीवर ठेवून. गार्डाच्या नातीचे वडील पंख्याकडे बघत होते. कोणाला साहेबांच्या बँकेत काम होतं, कोणाच्या मुलाला चिकटवायचं होतं, कोणाला नुसतीच पुण्याची भीती वाटत होती. ही पुण्याची भीती मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. आपण घरी बोलतो ती भाषा कुठल्या तरी खऱ्या मराठीची उरलीसुरली चिंधी आहे, असं या लोकांना मनातून वाटतं. म्हणून लाल पेन्सिल बघितली की ते मान खाली घालतात. साहेबांनी काही हिरावून घेतलं नाही. आमच्या लोकांनी ते ताटात घालून दिलं.

ठराव पडला. मी माफी दिली नाही. मंडळानं माणूस लावून माझा चौकोन स्वच्छ पांढरा करून घेतला, कोपऱ्यातल्या अक्षरांसकट. आता कलकत्त्यात कोरी, पांढरी आणि कोणाचीच नसलेली भिंत म्हणजे काय, हे त्यांना अजूनही कळलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात एक खराखुरा पक्ष आला आणि पूर्ण भिंत घेऊन गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती आजतागायत त्यांच्याकडे आहे. क्लबातला मुलगा मला म्हणाला, "दीदी, तुझी होती तेच बरं होतं ना?"

पुण्याच्या बाईंनी वर्ग सोडला. हॉलमधला वर्ग बंद पडला. आई आमच्या घरापुढच्या रॉकवर बसायला लागली. रॉक म्हणजे दारासमोरचा सिमेंटचा ओटा, जिथे इथली माणसं संध्याकाळी गप्पा हाणतात. रविवारी सकाळी तो आईचा. मुलं परत आली, आधी दोघंतिघं, मग बरीच. डमडमच्या बाई महिन्यातून एकदा दोन बस बदलून येतात, आता शिकवायला नाही, त्यांच्या घरचा पाहुणा शब्द घेऊन. पावसात वर्ग नसतो, उन्हात मुलं छत्र्या धरून बसतात.

पण हा सुखाचा शेवट नाही, आणि मी तसा तो करून देणार नाही. रॉकवरच्या मुलांना गणेशोत्सवात मंडळाच्या स्टेजवर चढू देत नाहीत. नाटकात काम, श्लोकपाठांतर, बक्षीस, सगळं 'मंडळाच्या वर्गातल्या मुलांसाठी', आणि मंडळाचा वर्ग तर नाहीच. साहेबांच्या मुलांना मात्र वर्गाचं कोणी विचारत नाही. म्हणजे या गावात वाढणाऱ्या मराठी मुलांनी गणपतीसमोर गर्दीत उभं राहून, बदलून आलेल्या साहेबांच्या मुलांनी म्हटलेले श्लोक ऐकायचे. साहेब दोन झाले, तीन झाले, बदलून गेले. नियम राहिला. का राहिला? कारण दर वर्षी सर्वसाधारण सभेत तो पुढे ठेवला जातो, दर वर्षी विचारलं जातं, कोणाची हरकत आहे का, आणि दर वर्षी हात मांडीवर असतात.

तुम्ही कलकत्त्यात असाल, तर या वर्षीच्या सभेला या. तुम्ही इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला, आणखी कुठे असाल, तर तुमच्या मंडळाच्या सभेला जा, आणि विचारा की इथे जन्मलेल्या मुलांचा वर्ग इथे जन्मलेल्या कोणाच्या हातात आहे का. नसेल, तर द्या म्हणा. पत्रक लिहू नका, भिंत रंगवू नका, ते मी करून पाहिलंय. फक्त अध्यक्ष 'कोणाची हरकत आहे का' असं म्हणतील, तेव्हा मांडीवरचा हात उचला, आणि तो मोजला जाईपर्यंत खाली घेऊ नका.